नॉर्वेची तयारी, जतपर्यंत

नॉर्वेला मी गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बेताची बातमी पाचगणीत आणि उंब्रजला बऱ्याच जणांच्या कानावर गेली होती, आणि अजूनही रस्त्यात कुणी भेटलं की विचारतं, "काय बाई, कसा झाला प्रवास?" झाला तो प्रवास सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतला. इतक्या लांब जायचं, तर आधी घराजवळ दहा-बारा दिवस गाडीत राहून बघावं, म्हणून आम्ही निघालो होतो. आठव्या दिवशी तो संपला. तेवढ्याबद्दलच लिहिते आहे.

पाचगणीतल्या एका निवासी शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढायचा असे. तो इतका दातेरी आहे, की एका किनाऱ्याला एक अख्खा खडू जाई. मुली हसायच्या. त्या किनाऱ्याला आपण कधी जाऊ असं तेव्हा वाटलं नव्हतं. पुढे माझी मुलगी केतकी नोकरीसाठी स्वीडनच्या उत्तर भागात गेली, तिथंच तिनं संसार मांडला, तिला मुलगा झाला. माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. केतकी फोनवर सारखी म्हणायची, "आई, विमानात बस आणि ये."

विमानाचं तिकीट काढणार एवढ्यात माझा थोरला भाऊ, हणमंतदादा, मध्ये पडला. दादा लष्करात ड्रायव्हर होता. चोवीस वर्षांतली बरीचशी लेह आणि कारगिलच्या रस्त्यांवर गेली. निवृत्त होऊन उंब्रजला शेती बघत होता. तो म्हणाला, "इमानात बसून काय बघायचं, शाले? ढग? जलमभर दुसऱ्याच्या हुकमावर गाड्या हाकल्या. एकदा आपल्या मनानं लांब जाऊ. तुला लेकीकडं सोडतो, आन् तितनं म्होरं रस्ता संपंस्तवर जाऊ."

रस्ता संपतो ती जागा नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला आहे. खाली समुद्र. मी ती जागा फळ्यावर ठिपक्यानं दाखवत असे.

### पाचगणी

आमच्या शाळेची एक जुनी पिवळी मिनीबस मोडीत निघाली होती. दादानं ती घेतली आणि महिनाभर माझ्याकडे मुक्काम ठोकून तिचं घर केलं. बाराच्या बारा सीटा काढल्या. मागे प्लायवूडचा पलंग, पलंगाखाली पाण्याचे कॅन, दाराशेजारी गॅसची शेगडी, भिंतीला बिजागरीवर दुमडणारं टेबल. बेत असा होता, की गाडी मुंबईहून जहाजानं जर्मनीत पाठवायची, आपण मागून जायचं, आणि तिथून डेन्मार्कमार्गे वर चढायचं.

थंडीचं सगळं दादाच्या डोक्यात पक्कं होतं. रेडिएटरमध्ये साधं पाणी चालणार नाही, डिझेल थिजतं, बॅटरी मान टाकते. "लेहला आमी सकाळी गाडीखाली शेगडी सारून इंजिन गरम करायचो," तो सांगायचा. त्याचे हात अजून तसेच होते. डोळे मिटून नट बसवायचा.

त्या महिन्यात त्यानं माझे तीन कप फोडले. मी कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवायची आणि तो वळताना कोपरानं पाडायचा. तिसऱ्या कपानंतर मी चहा त्याच्या उजव्या हाताला द्यायला लागले. असं का करते आहे, ते मी स्वतःला विचारलं नाही.

भाद्रपद लागला तसे आम्ही निघालो. सकाळी धुकं होतं, पण दाट नव्हतं. पसरणीच्या घाटात चौथ्या वळणावर डावा आरसा काठावरच्या दगडाला घासून खरखर आवाज झाला. मी दचकून ओरडले. दादानं गाडी सरळ केली आणि म्हणाला, "गाडी रुंद हाय. सवय हुईल." लेहच्या रस्त्यांवर बर्फात ट्रक चालवलेला माणूस. मी काय बोलणार?

### सातारा

साताऱ्यात दोन दिवस कागदपत्रांत गेले. सीटा काढून पलंग बसवल्याची नोंद गाडीच्या पुस्तकात करून घ्यायची होती, आणि दादाला परदेशात चालवायचा परवाना हवा होता. त्या परवान्याला डॉक्टरचा दाखला लागतो. मी दादाबरोबर आत गेले. डॉक्टरांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. दादानं आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचलं.

"नजर चांगली आहे की काका," डॉक्टर म्हणाले आणि सही केली.

त्या सहीनं मला केवढं बरं वाटलं! कप, घाटातला दगड, सगळं मी त्या कागदाखाली सारून टाकलं. बाहेर येऊन आम्ही कंदी पेढे घेतले. निम्मे केतकीसाठी बाजूला ठेवायचे असं ठरलं आणि संध्याकाळपर्यंत ते आम्हीच संपवले. गाडीत पहिल्यांदा झोपलो ते एका ओळखीच्यांच्या अंगणात. पलंग मला आणि दादा खाली सतरंजीवर. मध्येच पाऊस आला आणि छताच्या खिडकीतून बरोबर दादाच्या पोटावर धार लागली. आम्ही दोघं लहानपणीसारखे हसलो. त्या प्रवासातलं तेवढंच हसू मला आठवतं.

### उंब्रज

दादाचं घर हमरस्त्यापासून आत आहे. उसाची लावण डोक्यावर गेली होती. सुमनवहिनींनी दोन दिवस जेऊ घालून घालून बेजार केलं आणि वाटेसाठी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, धपाटी, लोणचं असं खोकंभर सामान गाडीत चढवलं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गोठ्यापाशी उभ्या होतो. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमी संगं हाय म्हणून मला घोर न्हाई. वाईच बघत ऱ्हावा त्यांच्याकडं."

"म्हणजे?"

"मोटरसायकल इकली त्यांनी औंदा. गुडघं दुखत्यात म्हणं. आदी दोनदा पडलं व्हतं." मग जरा थांबून, "डाव्या अंगाला पडलं दोन्ही डाव."

मी हं म्हटलं. त्याही पुढं काही बोलल्या नाहीत. आम्ही दोघी शहाण्यासुरत्या बायका. तिथं एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर आलं असतं तर गाडी गोठ्याशेजारीच उभी राहिली असती, आणि मला जायचं होतं. हे कबूल करायला मला फार दिवस लागले. दादाला जायचं होतं त्याहून मला जास्त जायचं होतं.

### सांगली

सांगलीत आम्ही कृष्णेच्या घाटाजवळ गाडी लावली. पाणी गढूळ, मोठं आणि गप्प वाहत होतं. दोन रुपये जास्त देऊन ताजं भडंग घेतलं, नदीकडे तोंड करून खाल्लं. पाचगणीतून खाली उतरलेल्या माणसाला सांगलीचा दमटपणा अंगाला चिकटतो, पण तिथली माणसं मोकळी. गाडी बघायला पंधरावीस जण जमले. एकानं विचारलं, "नॉर्वे कुटं आलं?" मी वर्गातल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. "म्हंजे सा म्हैनं रात? मग झोपतासा कवा आन् उठतासा कवा?" सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून गादीचं कापड घेऊन निघालो आणि डाव्या बाजूला उभ्या असलेल्या केळ्यांच्या गाड्याला आमचा पत्रा घासला. गाडा कलंडला, केळी रस्त्यावर. गाडेवाला शिव्या देत आला. दादाही उतरला आणि त्याच्यावरच ओरडला, "रस्त्यात गाडा लावतोस व्हय रं?" गाडा रस्त्यात नव्हता. तो गटाराच्या फरशीवर होता. मी नुकसानभरपाई देऊन त्याला शांत केलं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "दादा, डावीकडचं तुला दिसतं ना नीट?"

"दिसतंय की." स्टिअरिंगवर हात घट्ट. "तू हायस की डावीकडं."

तिथून मी बोलायला लागले. डावीकडं सायकल. डावीकडं म्हातारी. डावीकडं खड्डा. तो "हां" म्हणायचा आणि गाडी चालत राहायची. तासाभरात आम्हा दोघांना त्याची सवय झाली. मिरजेच्या बाहेर पडताना माझ्या मनात आलं, की स्वीडन-नॉर्वेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. म्हणजे समोरून येणारं सगळं डावीकडून येणार. भूगोलाच्या बाईंना हे इतक्या उशिरा सुचावं! तरी मी गप्प राहिले. केतकीशी बोलू, तिच्याकडे गेल्यावर बघू, तिचा नवरा चालवेल, असलं काहीतरी मनाशी घोळवत राहिले.

### जतच्या पलीकडे

जतला जायचं कारण लोकर. गाडीच्या पत्र्याच्या आत थंडी अडवायला काहीतरी भरायचं होतं. बाजारात त्यासाठी फोमचे तक्ते मिळतात, पण दादा म्हणाला, लोकरीसारखं काही नाही. त्याच्या पलटणीतल्या एका मित्रानं मायाप्पाचं नाव सांगितलं होतं. मायाप्पा आणि त्याची बायको तानूबाई, मेंढपाळ कुटुंब, कर्नाटकच्या शिवेजवळच्या एका वस्तीवर. नुकतीच मेंढ्यांची कातरणी झाली होती आणि त्यांची लोकर हल्ली कुणी विचारत नाही.

कवठेमहांकाळ सोडल्यावर हिरवं हळूहळू मागे पडतं. ऊस संपतो, मग द्राक्षांचे मांडव विरळ होतात, मग माळ. आमच्याकडे डोंगर आडवे येतात म्हणून आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसतं. इथं ते जमिनीला टेकेपर्यंत उघडं. पाऊस होऊन गेला होता तरी गवत घोट्याइतकंच.

तानूबाई पन्नाशीची असेल. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू, आणि आवाज माळावर लांबून हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा. तिनं गाडीत डोकं घालून सगळं बघितलं. शेगडी, टेबल, कॅन, पलंग.

"बाई, दोन माणसास्नी एवढं सामान?" ती म्हणाली. "आमचं बिऱ्हाड घोड्यावर मावतंय. चूल, घागर, कोंबड्या, समदं. दिवाळी झाली की निघायचं आन् मिरगाला घरला."

"किती वर्षं झाली?"

"लगीन झाल्यापास्नं. एक साल चुकलं न्हाई."

मी महिनाभर ज्या तयारीचा अभिमान बाळगला होता ती तयारी ही बाई वर्षातून कितीदा तरी अर्ध्या तासात करत होती. दिवाळीनंतर ती कृष्णाकाठी उतरायची, कधी घाट ओलांडून कोकणात. आमच्या पाचगणीच्या खालूनही गेली होती. माझ्या शाळेच्या मैदानाच्या कडेनं हे कळप जाताना मी खिडकीतून पाहिले असतील आणि फळ्याकडे वळले असेन.

दोन दिवस तिथं राहिलो. लोकर धुऊन वाळवलेली होती. तानूबाईनं पत्र्याच्या फटींत ती ठासायची रीत दाखवली, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. दादा पत्रा धरायचा, ती ठासायची, मी वरून फळी दाबायची. तिची बोटं राठ आणि चपळ. मायाप्पा बाहेर बसून तंबाखू मळत म्हणायचा, "मेजर, आमची लोकर इमान न बघता परदेसी चालली की!" तिकडं निवृत्त फौजीला सगळे मेजरच म्हणतात. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, वर लसणाचा ठेचा. माडगं मी पहिल्यांदाच प्याले. गरम, मातकट, पोटाला धरून राहणारं.

जाताना पैसे द्यायला गेलो तर मायाप्पानं हात जोडले. तानूबाई म्हणाली, "तुमच्या नातवाला सांगा, ही मेंढरं कुटली ती."

आठव्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला आम्ही निघालो. ऊन डावीकडून, डोळ्यांवर. मी माझ्या जागेवर, डावीकडे बसले. मांडीवर वही होती. त्या दोन दिवसांचं विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून मी खाली मान घालून लिहीत होते. माडग्याची कृती लिहीत होते. वस्तीवरून रस्त्याला लागायला डावं वळण आहे. दादानं गाडी सुरू केली, वळवली. मी काही बोलले नाही.

धक्का फार मोठा नव्हता. मागचं चाक कशावरून तरी चढून उतरलं. मग मायाप्पाची हाक आली. ती हाक मी लिहू शकत नाही.

तानूबाई आमच्या मागून धावत आली होती. हातात ताकाची बाटली, वाटेत प्यायला. दाराशी आली, हात वर केला, गाडी तिच्या अंगावर वळली. डावा पाय गुडघ्याच्या वरपासून मागच्या चाकाखाली गेला होता.

दादा उतरला आणि क्षणात फौजी झाला. कमरेचा पट्टा काढून मांडीला आवळला, लाकूड घालून पीळ दिला, वेळ मोठ्यानं सांगितली आणि मला ती लिहायला लावली. माझ्या वहीत माडग्याच्या कृतीखाली ती वेळ आहे. आठ वाजून बारा मिनिटं. तानूबाई शुद्धीत होती. ओरडत नव्हती. तिच्या तोंडातून फक्त "आगं आगं" असं बारीक येत होतं.

आम्ही तिला उचलून पलंगावर ठेवलं. मायाप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

### मिरज

जतच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. डॉक्टरीण म्हणाली, "इथं काही होणार नाही. मिरजेला न्या, आत्ताच्या आत्ता." दवाखान्याची गाडी बाळंतपणाची केस घेऊन गेली होती, परतायला तास लागणार होता. दवाखान्याच्या फाटकाशी चार-पाच जीपवाले उभे होते. मी एकाला म्हणू शकले असते, की आमची गाडी तू चालव. त्याला कारण सांगावं लागलं असतं. मायाप्पा समोर उभा होता.

दादा माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून काय निघतं याची वाट बघत होता, हे मला आता कळतं. मी म्हटलं, "चल."

जत ते मिरज नव्वदेक किलोमीटर. मी एकदाही रस्त्यावरून नजर काढली नाही. डावीकडं बैलगाडी. डावीकडं पोरं. डावीकडं ट्रॅक्टर, थांब, थांब, आता जा. माझा आवाज बसला तरी बोलत होते. मागून मायाप्पानं दोनदा विचारलं, "बाई, काय सांगतासा सारकं?" मी दादाला पुढची सायकल सांगितली. दादाच्या मानेवरून घाम वाहत होता. त्या दीड-दोन तासांत आणखी कुणी गाडीखाली आलं नाही, यात आमचं काही कौतुक नाही.

मिरजेत तिचा पाय मांडीतून काढावा लागला. जीव वाचला.

तिसऱ्या प्रहरी जतचे पोलीस आले. जबाब घ्यायला आलेले हवालदार वयस्क होते, दादाच्या पलटणीची चौकशी करून हळहळले. मला म्हणाले, "बाई, ती अचानक आडवी आली असंच ना?" मी मान हलवली. ते लिहीत गेले. 'सदर महिला अचानक गाडीसमोर आली.' मी वाचलं आणि सही केली. एकतीस वर्षं मुलींच्या वहीत चूक दिसली की लाल पेन चालवलं. तिथं निळ्या पेनानं सही केली.

दुसऱ्या दिवशी मी दादाला त्याच गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका यंत्रात तोंड घालून ठिपके दिसतील तेव्हा बटण दाबायचं. बटणाचा आवाज फार थोड्या वेळा आला. डॉक्टरांनी छापलेला कागद समोर ठेवला. डावीकडचा भाग काळा, उजवीकडे थोडं पांढरं, मध्ये दिव्याएवढी मोकळी जागा.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "मधलं दिसतं म्हणून अक्षरं वाचता येतात. कडेचं गेलंय, ते परत येत नाही. हे आजचं नाही. यांनी गाडी चालवायची नाही."

पायऱ्या उतरताना दादा म्हणाला, "दोन सालामागं कऱ्हाडच्या शिबिरात सांगितलं व्हतं. थेंब दिलं व्हतं. म्या कुणाला बोललो न्हाई. बोललो असतो तर तू आली नसतीस."

"मला माहीत होतं, दादा," मी म्हटलं. "कागद नव्हता. पण माहीत होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पायरी चुकू नये म्हणून तो भिंतीला हात लावून उतरत होता.

पाचव्या दिवशी तानूबाईला वॉर्डात आणलं. मी एकटीच गेले. तिचा चेहरा लहान झाला होता. मी खाटेशेजारी बसले तशी ती म्हणाली, "म्या हात केला हुता, बाई. तुमच्या भावानं सरळ माज्याकडं बघितलं. मग गाडी का वळवली?"

हा प्रश्न पाच दिवस तिनं छातीवर ठेवला होता. त्यानं मुद्दाम केलं का, हेच ती विचारत होती.

"त्याला दिसलं नाही," मी म्हटलं. "त्याला डावीकडचं दिसत नाही. आणि ते मला ठाऊक होतं. मी सांगायची त्याला. त्या वेळी मी लिहीत बसले होते."

तिनं मान भिंतीकडे वळवली. मायाप्पा पाण्याची बाटली घेऊन दारात उभा होता. त्यानंही ऐकलं होतं.

"आन् तवा पोलिसास्नी काय सांगितलासा?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

मला वाटलं तो ओरडेल. तो म्हणाला, "मग आमालाच गुन्हेगार केलासा की, बाई." अगदी हळू आवाजात. बाटली खाटेखाली ठेवली आणि बाहेर जाऊन बसला.

### परत

त्याच दिवशी मी जतच्या ठाण्यात गेले आणि पुरवणी जबाब दिला. हवालदारांनी तो लिहायच्या आधी तीनदा विचारलं, "बाई, भावाला अडकवताय, कळतंय का?" कळत होतं. गाडीच्या विम्यातून तानूबाईला मिळायच्या भरपाईत माझं पहिलं वाक्य आडवं आलं असतं, हेही निघण्याआधी मिरजेतल्या एका वकिलानं मला समजावून सांगितलं होतं. मी कप फुटल्यापासून सगळं लिहून दिलं. पिवळी गाडी त्यांनी मिरजेहून आणवून ठाण्याच्या आवारात लावून घेतली.

उंब्रजला परतले ते एसटीनं. वहिनींनी दार उघडलं. त्यांना दादानं फोनवर सांगितलं होतं. त्या आत निघून गेल्या. दादा ओसरीवर बसला होता. म्हणाला, "बरं केलंस." मग म्हणाला, "पर मला आदी सांगायचंस. म्याच गेलो असतो." हे खरं आहे, की तो गेला असता? मला माहीत नाही. मी त्याला ती संधी दिली नाही, एवढं खरं. लायसन त्यानं स्वतः साताऱ्याला जाऊन परत केलं. खटला चालू आहे. आम्ही बोलतो, पण कामापुरतं.

केतकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी विमानाचं तिकीट काढते." मी नको म्हटलं.

दिवाळी झाल्यावर मी तानूबाईला भेटायला गेले. जतपासून वडापच्या जीपनं, मग चालत. वस्ती रिकामी होती. कळप गेले होते, मायाप्पाही गेला होता, चुलतभावाच्या बिऱ्हाडाबरोबर. तानूबाई दारात जोत्यावर बसली होती. दोन कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच ती दिवाळीनंतर घरी होती. माळावर कसलाच आवाज नव्हता.

तिनं मला बस म्हटलं. शेजारच्या घरातल्या बाईला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. तिचा तो लांबवर जाणारा आवाज तसाच होता. मी लाकडी पायाच्या शिबिराची माहिती आणली होती, ती सांगितली. तिनं ऐकून घेतली, कागद घडी करून कमरेला खोचला. सुनेचं, मेंढरांचं, औंदाच्या पावसाचं थोडं बोलणं झालं.

चहा आला. ती म्हणाली, "घ्या, बाई. कागद आणलासा, बरं केलंसा. माज्या मनात काय न्हाई आता. पर परत येऊ नगासा."

मी कप खाली ठेवायला गेले.

"तुमी त्या वाटंनं येताना दिसलासा, आन् माजा पाय दुखाया लागला," ती म्हणाली. "जो न्हाई त्यो."

मी चहा संपवला. तिला नमस्कार केला, तिनंही केला. मग वडाप मिळेपर्यंत रस्त्याकडेला उभी राहिले. त्यानंतर मी तिकडं गेलेले नाही.